औषधाच्या दिवशी

इरा, निहार — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता सांगते, कारण इरा, परवा फोनवर तू म्हणालीस की तुझ्या आरोग्य पथकाबरोबर तू जुन्नर-आंबेगावात येणार आहेस. मजूर बायकांशी बोलायचंय, त्यांची बोली तुला कळत नाही, म्हणून दुभाषी मीच हवी. मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं — हो म्हणायला नको होतं.

कारण हे काम मी एकदा केलेलं आहे.

तेव्हा आपली द्राक्षबाग होती, खोडदच्या अलीकडे, जिथून रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या दिसतात. फवारणी असली की गडी फवारा मारायचे आणि बायका मागून नळी ओढायच्या. त्यांच्यात यमुना होती. विशीतली, हसरी; आपल्या घरातही वरकाम करायची. इकडे फवाऱ्याच्या विषाला कुणी विष म्हणत नाही, ठाऊक आहे तुम्हाला? औषध म्हणतात. बागेला औषध मारलं. मीही तसंच म्हणते.

गावच्या शाळेत सरकारी आरोग्य शिबिर भरलं. डॉक्टर तरुण, दक्षिणेकडचे, मराठी अजिबात नाही. इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. सकाळी आपल्याच ओसरीवर चहा घेताना ते म्हणाले होते — फवारणीचा त्रास कुणाला दिसला, तर रक्त पुण्याला पाठवायचं आणि त्या बागेची चौकशी लावायची. मी त्यांना साखर पुरेशी आहे ना, असं विचारलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते.

यमुनाचा नंबर आला. तिनं हात पुढे केले. बोटं थरथरत होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "यमुने, थरथरायचं बी आता इंग्रजीतनं बरं का!" सगळ्या हसल्या. तीही हसली. हे कधी होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तिला विचारलं.

"औषधाच्या दिशी, वैनी. डोळं लई झोंबत्यात, मळमळतं, आन् हात हे असं."

आणि मी — काय केलं मी? एक शब्द बदलला नाही. ज्या दिवशी 'मेडिसिन' असतं त्या दिवशी, असं सांगितलं. शब्दकोश काढून पाहा, चूक सापडणार नाही. कोणतं मेडिसिन, डॉक्टरांनी विचारलं. तो प्रश्न यमुनाला होता. मी तो तिच्यापर्यंत नेलाच नाही. मीच म्हणाले, नर्सबाई देतात त्या रक्तवाढीच्या गोळ्या असतील.

माल परदेशी निघायचा होता. चौकशी लागली असती तर व्यापारी बागेकडे फिरकला नसता. हे कारण म्हणून सांगत नाही — तेव्हा डोक्यात काय होतं, एवढंच सांगते.

डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. ते मात्र मी यमुनाला अगदी शब्दाला शब्द सांगितलं. रक्त कुणी घेतलं नाही. तिनं गोळ्या टाकून दिल्या आणि पुढच्या फवारणीला पुन्हा नळी धरली. पुढे कितीतरी वर्षं धरली. मी ओसरीवरून पाहत असायची. 'आज राहू दे, यमुना' — एवढं म्हणता येत नव्हतं का मला? येत होतं. म्हटलं नाही.

इरा, मी तुझ्याबरोबर येणार नाही. दुभाषी दुसरी शोध. आणि तिला आधी हा एक शब्द समजावून सांग.

बाग आपण केव्हाच काढली. यमुना अजून येते. कपबशी तिला धरवत नाही, म्हणून चहा पेल्यात देते, अर्धा भरून. "वैनी व्हत्या म्हणून त्या डॉक्टरला माजं कळलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी समोर बसलेली असते. तिलाही मी सांगितलेलं नाही.

यमुना आहे. तिचे हात अजून थरथरतात.