ओटीपी सांगता का, सर?

"एम, ए, आर, ए, एल."

आमच्या विभागप्रमुखांनी एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली, पुन्हा जवळ आणली आणि अख्ख्या स्टाफरूमकडे बघून म्हणाले, "अरे यार, मरळ! मॅडमनं पासवर्ड मरळ ठेवला!"

हशा पिकला. एकानं विचारलं, "सर, कॉम्प्युटरले वास त नाही येऊन राहिला?" पुन्हा हशा. एक बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी रोज त्यांच्याबरोबर डबा खायचे.

"ढिवराच्या पोरीले दुसरं सुचणार तरी काय?" सर म्हणाले. रागानं नाही. लाडानंच म्हणाले. तेच जास्त लागलं.

मी दाराजवळ उभी होते. हातात खडूचा डबा. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातली, गोड्या पाण्यातल्या माशांवर पीएच.डी. केलेली, प्राणिशास्त्र शिकवणारी बाई. कुणी तरी 'पुरे' म्हणेल म्हणून वाट बघत उभी राहिले. कुणी म्हटलं नाही. मग माझाही चेहरा हसरा झाला. तो मी केला नाही, आपोआप झाला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच होत आलाय.

विद्यापीठानं सगळा कारभार ऑनलाइन केला त्याच वर्षाची ही गोष्ट. हजेरी पोर्टलवर, अंतर्गत परीक्षेचे गुण पोर्टलवर. प्रत्येक शिक्षकाचं स्वतःचं खातं. पहिल्यांदा माझं खातं उघडलं तेव्हा पडद्यावर माझं पूर्ण नाव आलं. माझं, बापाचं, आडनावासकट. पुढे 'सहायक प्राध्यापक'. मी तासिका तत्त्वावरची. म्हणजे जितके तास शिकवले तितकाच पगार, आणि वर्ष संपलं की नोकरीही संपली. कॉलेजच्या फलकावर माझं नाव नव्हतं. दारावर नव्हतं. ते फक्त तिथं होतं. मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. विसरणार नाही असा पासवर्ड ठेवा, अशी सूचना होती. मला मरळ आठवली, आमच्या तलावातला मानाचा मासा. बाबा तलावातून परत आले की आधी मलाच हाक मारायचे, "बाई, मरळ लागली वो!" म्हणून ठेवला.

पण आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. तासिकावाल्यांनी आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून विभागप्रमुखांकडे द्यायचा. कायमच्या प्राध्यापकांनी द्यायचा नाही. का, ते कुणी विचारलं नाही. तासिकावाला विचारत नसतो.

त्या दिवशी सरांनी माझा पासवर्ड बदलला. खात्यावरचा मोबाइल नंबरही बदलून स्वतःचा टाकला. "गावाकडं नेटवर्क नसते," म्हणाले, "ओटीपी माझ्याकडं येऊ दे." आमच्या कोंढ्याकडच्या गावात नेटवर्क चांगलं येतं. मी ते बोलले नाही.

झालं. नवा पासवर्ड मला सांगितला नाही. तेव्हापासून माझ्या नावाच्या खात्यात ओटीपीवरच जायचं, आणि ओटीपी सरांच्या फोनवर. मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बटण दाबायचे आणि धावत त्यांच्या केबिनच्या दाराशी जायचे. "सर, ओटीपी सांगता का?" सर चहा घेत असायचे. बोट वर करून थांब म्हणायचे. फोनवर कुणाशी तरी धानाच्या भावाबद्दल बोलत राहायचे. मी उंबऱ्याबाहेर. पोरं व्हरांड्यातून जाता-येता बघायची, कारण त्यांच्या मॅडम दारात उभ्या. सर आकडे सांगायचे तेव्हा त्यांची मुदत टळून गेलेली असायची. "पुन्हा पाठव," सर म्हणायचे. मी पुन्हा लॅबमध्ये, पुन्हा दारात. कधी कधी मला वाटायचं त्यांना यात मजा येते. नंतर कळलं, मजाही नाही. मी तिथं उभी आहे हे त्यांच्या लक्षातच नसायचं.

सर आमच्याच गावच्या मालगुजारांचे नातू. गावचा तलाव एके काळी त्यांचा. पुढे तलाव सरकारजमा झाले, ढिवरांच्या संस्थेला मासेमारीचा ठेका मिळाला, मालगुजारी संपली. संपली म्हणजे कागदावर. हंगामातली पहिली मोठी मरळ त्यांच्याच घरी जायची. कुणी मागायचं नाही, पण जायची. लहानपणी मी बाबांबरोबर गेले आहे. मागच्या दारानं. बाबा पळसाच्या पानात गुंडाळलेली मरळ पायरीवर ठेवायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे. आतून कुणी यायला फार वेळ लागायचा. तेवढ्या वेळात बाबांचा चेहरा आपोआप हसरा व्हायचा.

मला तासिका मिळाल्या त्याही सरांच्या शब्दावर. "आपल्या गावची पोरगी आहे," असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा!

आता करिश्माबद्दल सांगते.

करिश्मा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दिघोरीची. आमच्याच समाजाची. वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि फॉर्मॅलिनच्या बरणीतला मासा दाखवला की हळूच म्हणायची, "जित्ता असा नसते दिसत मॅडम." तिनं प्रकल्प केला तिच्या गावच्या तलावातल्या माशांवर. बापाबरोबर डोंग्यात बसून, पाण्यातल्या वनस्पती उपटून आणून, कोणता मासा कुठं अंडी घालतो ते स्वतः बघून. मी इतकी वर्षं शिकवते, असं काम विद्यार्थ्याकडून आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले आणि गुणांचा कागद सरांकडे दिला. कारण ओटीपी त्यांच्याकडे. "ठेव, मी भरून टाकतो," ते म्हणाले.

करिश्माला पुढं एम.एस्सी. करायची होती, आमच्याच कॉलेजात. नागपूरला खोली घेऊन राहणं तिच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. आमच्याकडे जागा मोजक्या, गुणांवर मिळणाऱ्या. ती पहिली येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचा भाचाही त्याच वर्गात होता. तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

निकाल लागला त्या दिवशी ती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. फोन पुढे केला. पोर्टलवर तिच्या प्रकल्पापुढे जेमतेम पास होण्यापुरते गुण होते. त्याखाली गुण देणाऱ्या शिक्षकाचं नाव. माझं पूर्ण नाव. माझं, बापाचं, आडनावासकट.

"मॅडम, मी काय चुकली?"

मी म्हटलं, हे मी केलं नाही.

"तुमचंच नाव हाये ना मॅडम इथं."

मी पासवर्डचं सांगायला लागले, मोबाइल नंबरचं सांगायला लागले. ऐकताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरानं केलं असतं त मले काईच नसतं वाटलं. तुमी त आपल्या होत्या."

होत्या, म्हणाली. आणि गेली.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पासवर्डवरून झालेल्या हशापासून. मी आजवर ते घरात बोलले नव्हते. बाबांचे हात थांबले. जाळं मांडीवरच राहिलं. मग म्हणाले, "आमी मागच्या दारानं जाऊन उभे राहत होतो बाई. आमाले समोरचं दार कोणी दाखवलंच नाई. तू त समोरून गेली होती ना? मग तू काहून उभी राहून राहिली?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. मी माझ्या बापाला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. एवढं शिकून मी त्यांना नेऊन पुन्हा त्याच पायरीवर उभं केलं, असं मला वाटलं. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. पोर्टलवरच्या गुणांची छापील प्रत विद्यापीठाला पाठवायची होती. तळाशी वाक्य होतं, 'वरील गुण मी स्वतः नोंदवले आहेत.' त्याखाली माझं नाव आणि सहीची जागा.

"कर सही," सर म्हणाले. पेन पुढे केलं.

या वेळी मी उंबऱ्याबाहेर थांबले नाही. आत जाऊन त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसले. तासिकावाले त्या खुर्चीवर बसत नाहीत. सर बघतच राहिले.

"हे गुण मी भरले नाहीत सर."

"लॉगिन तुझंच आहे."

"माझं हाये त ओटीपी तुमच्या फोनवर काहून येते?"

घरची बोली तोंडातून निघून गेली. कॉलेजात मी ती कधी बोलत नव्हते. फाटकाशीच ठेवून आत यायचे. त्या दिवशी ती माझ्याबरोबर आत आली, आणि तिच्याच जोरावर मी बोलू शकले.

"पुढच्या वर्षी तासिका पाहिजेत का नाही तुले?"

"पाहिजेत."

"मग?"

"सही नाही करत."

सरांचा आवाज चढला. "तुझा बाप आमच्या दारी कधी मान वर करून बोलला नाही."

"त्याचंही आता मीच बोलून घेते."

पेनाचं टोपण लावलं, पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर आले. व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी राहिले. शूर-बिर काही वाटलं नाही. रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

पुढे सगळं व्हायचं तसंच झालं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कायले ताणता? एका पोरीपायी सगळ्यांची बदनामी." छापील प्रत दुसऱ्याच कुणाच्या सहीनं गेली. सचिवांच्या भाच्याला जागा मिळाली, करिश्माला नाही. नव्या वर्षाच्या तासिकांतून माझं नाव गळलं. डबा एकत्र खाणाऱ्या बाईंनी फोन उचलणं बंद केलं.

मी विद्यापीठात लेखी तक्रार घेऊन गेले. तिथले अधिकारी वयस्क, बोलायला सभ्य. अर्ज वाचून त्यांनी तो माझ्याकडेच सरकवला. "मॅडम, पासवर्ड दुसऱ्याला देणं हाच नियमभंग आहे. चौकशी लागली तर आधी तुम्हीच अडकाल. कुठंच शिकवता येणार नाही. घरी न्या, विचार करा."

मी अर्ज परत त्यांच्या बाजूला सरकवला. पोच द्या म्हटलं.

त्यानंतर दिघोरीला गेले. रोवणी चालू होती. करिश्मा आईबरोबर पाणी भरलेल्या बांधीत वाकून धानाची रोपं लावत होती. मी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून हाक मारली. तक्रार केल्याचं सांगितलं. तिनं कंबर सरळ केली नाही. एवढंच म्हणाली, "पायाले चिखल लागन मॅडम. जा तुमी."

मी चपला काढून बांधीत उतरले. तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती रोपं लावत मागं मागं सरकत गेली, माझ्यापासून लांब. तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी परत आले. तिनं मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. माझ्याच नावानं तिचं वर्ष गेलं. अजून जातंय.

आता चौकशी समितीचं बोलावणं आलंय. बाबा म्हणतात, मी येतो संगं. मी हो म्हटलंय.

समिती विचारेल, पासवर्ड तुम्हीच दिला होता ना? हो, मीच दिला. मागितला कुणी तेही सांगेन. या कॉलेजात तो फक्त कुणाकुणाकडून मागतात, तेही नावानिशी सांगेन. मी जाणार आहे ती माझी नोकरी मागायला नाही. करिश्माचे खरे गुण काय होते ते सांगायला, आणि ते पोर्टलवर चढल्याशिवाय तिथून न उठायला. नियम मोडला म्हणून माझं नाव त्या पोर्टलवरून कायमचं काढून टाकायचं असेल तर खुशाल काढा. पण आधी त्याच नावाखाली तिचे गुण दुरुस्त करा. मग काढा.

हजर राहण्याच्या पत्रावर मोबाइल नंबर लिहायला जागा आहे. मी माझा नंबर लिहिला. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी घालायचा पांढरा सदरा काढून ठेवलाय.

आम्ही समोरच्या दारानं जाणार आहोत. आणि आत बोलावण्याची वाट बघत उभे राहणार नाही.