पलंगाखालची ज्वारी

माझ्या सासूबाई नीलाबाई यांना घरात कोपरा मोकळा दिसला की चैन पडत नसे. आमचं नांदेडचं स्वयंपाकघर आठ बाय सहाचं. त्यात आत्यांनी (सासूला मी आत्याच म्हणायचे) वर्षाची तूरडाळ, पापड-कुरडयांचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या बसवल्या होत्या. दारामागे खिळ्यांना झारे-उलथनी, ओट्याखाली डब्यांचे तीन थर. खिडकीसुद्धा सोडली नाही; तिच्यावर फळ्या ठोकून मसाल्यांची मांडणी केली. गल्लीतल्या बायका ते बघायला यायच्या आणि आत्यांची मान ताठ व्हायची. "इंचभर जागा वाया न्हाई घालवली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीही माहेरी फोन करून सासूचं कौतुक करायचे.

मागच्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरालगतच्या खोलीत सुताराकडून पेटीचा पलंग करून घेतला. पेटीत उदगीरहून आलेली दोन पोती ज्वारी, वर गादी. माझी सहा वर्षांची सृष्टी त्या गादीवरच खेळायची, अभ्यास करायची आणि आजीच्या कुशीत झोपायची.

श्रावणात ज्वारीला सोंडकिडे लागले. आत्यांनी शेतीच्या औषधांच्या दुकानातून धान्यात ठेवायच्या गोळ्या आणून ठेवल्या. मला त्याचा पत्ता नव्हता. रविवारी सकाळी गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे पोचवायला मी मुदखेडला गेले. माझे मिस्टर मल्लिनाथ लातूरला होते. मी गेल्यावर आत्यांनी गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधून पोत्यांत खोचल्या, पलंगाची फळी बसवली आणि वर सृष्टीला चित्रं काढायला बसवलं. उदगीरला त्यांच्या माहेरी दरसाल असंच करायचे. पण तिथं ज्वारीची कोठी अंगणापलीकडच्या खोलीत होती आणि त्या खोलीत कुणी झोपत नसे. एवढा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही. त्यात पावसाची झड होती, म्हणून दारही लावून घेतलेलं.

मी दुपारी एक वाजता परतले. दार उघडताच सडक्या लसणासारखा वास नाकात शिरला. आत्या ओट्याशी भाकरी थापत होत्या. सृष्टी पलंगावर पडली होती, डोळे अर्धे उघडे.

"दहापासून उलट्या करायली," आत्या म्हणाल्या. "काल पाणीपुरी लई खाल्ली ना."

"वास कसला येतोय?"

"त्या गोळ्यांचा आसंल. ज्वारीत टाकल्या ना."

त्या गोळ्यांच्या विषारी वायूनं माणूस जातो, हे मला लग्नाआधी माहेरी नायगावला कळलं होतं. कसं ते सांगत नाही. मी सृष्टीला उचलून बाहेर पळाले. तिची मान माझ्या खांद्यावरून लोंबत होती. मी इतकी किंचाळले की शेजारचे निजामोद्दीनचाचा जेवणावरून उठून आले. त्यांनी रिक्षा काढली. "पोरीला हवेच्या बाजूनं धर बेटी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत्या माझ्या शेजारी अंग चोरून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सृष्टीला ऑक्सिजन लावला. म्हणाले, "यावर उतारा नाही. सलाईन, औषधं देत राहायचं आणि चोवीस तास लक्ष ठेवायचं." तिची छाती वर-खाली होताना मी मोजत होते. एखादा श्वास उशिरा आला की माझाच अडकायचा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोण होतं?"

"कोणीच न्हाई," आत्या चटकन म्हणाल्या. "मी भाईर बसले व्हते."

मी वळून बघितलं. त्या भिंतीला टेकून कशाबशा उभ्या होत्या. ओठ निळसर पडलेले, पदरावर उलटीचे डाग. त्यांनी माझं मनगट धरलं. तो हात बर्फासारखा गार होता.

"आत्या, तुम्ही तर आतच होतात!"

"गप की, वर्षा," त्या कुजबुजल्या. "एकच खाट हाय. माझ्यापायी पोरीला खाली काढतील."

मी डॉक्टरांना ओरडून खरं सांगितलं. नर्सनं पडदा सरकवला. पलीकडे तीन खाटा मोकळ्या होत्या. आत्यांना तिथं निजवलं तेव्हा त्यांची नाडी सापडत नव्हती.

आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. सृष्टीनं तिसऱ्या दिवशी वरण-भात मागितला.

आजी उदगीरला गेलीय, असं मी तिला सांगून ठेवलंय. पण ती शाळेत जाते, गल्लीत खेळते. तुझ्या गादीखाली विष आजीनंच ठेवलं होतं, असं तिला कुणीतरी सांगेल याची मला रोज धास्ती वाटते. त्या खाटेसाठी आजी खोटं बोलली, हे तिला दुसरं कुणी सांगणार नाही. ते मलाच सांगावं लागेल, आणि मी अजून उदगीरचंच सांगतेय.