मामांची नळी पिवळी झाली

मामांना मारणारा जंतू मी माझ्या हातांनी वाढवला. काचेच्या ताटलीत.

ते माझं कामच आहे. बीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन.

मामा नेकनूरकडच्या एका दूध सोसायटीचे सेक्रेटरी. रोज सकाळी दुधाचं सॅम्पल नळीत घ्यायचे, थेंबभर केमिकल टाकायचे. रंग बदलला की दुधात भेसळ, कॅन परत. सख्ख्या भावाचा असला तरी.

मला चिडवायचे, "आपला धंदा एकच हाय बग. मी दूध तपासतो, तू लघवी."

यंदा पाऊस नाही. सोसायटीनं चारा छावणी काढली, मामा तिथंच मुक्कामाला. म्हशीनं त्यांच्या पायावर पाय दिला. त्यात शुगर.
यांनी काय केलं? म्हशीचं उरलेलं इंजेक्शन जखमेवर ओतून मोकळे.

मी फोनवर ओरडले, "निदान पाय तरी स्वच्छ धुवा."

"जनावरांना टँकर पुरंना, अन् मी पाय धूत बसू?"

पाय काळा पडला, तेव्हा आमच्या हॉस्पिटलात आणलं. जखमेतला पू तपासायला माझ्याकडेच आला.

आम्ही ताटलीत जंतू वाढवतो, त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतो. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू मरतात, मोकळं कडं दिसतं.
मामांच्या ताटलीत एकाही टिकलीला कडं नव्हतं.

मग शेवटची टेस्ट. काही जंतू असं एन्झाइम बनवतात की आपलं सगळ्यात भारी औषधसुद्धा त्याच्यापुढे टिकत नाही. दोन लाल नळ्या, दोन्हीत मामांचा जंतू, औषध एकीतच. औषधाची नळी पिवळी झाली, तर जंतूनं औषध मोडून खाल्लं.

देवा, लाल राहू दे. एवढंच म्हणत उभी होते.

पिवळी झाली.
परत टेस्ट लावली. परत पिवळी.

रिपोर्ट घेऊन वॉर्डात गेले. मामांनी माझं तोंड बघितलं.

"रंग बदलला का गं?"

"हो मामा."

"मंग रडतीस कावून? तू थोडंच पाणी घातलंस त्यात."

टिकल्यांमध्ये नसलेलं एक औषध उरलं होतं. ते त्यांच्या किडनीला झेपलं नाही.

मामांना जाऊन आज महिना झाला.

खरं सांगू? ही पोस्ट नुसत्या आठवणीची नाही. मी लई घाबरलेय.

मामांच्या पायाची पट्टी मामीच बदलायची. उघड्या हातांनी. आता सरपण आणताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलाय. टाच सुजलीय, अंगात ताप आहे.
"काय न्हाई होत, हळद लावलीया," म्हणते.

काल तिच्या टाचेतला पू मीच घेतला. ताटली आत्ता लॅबमध्ये आहे. उद्या सकाळी मलाच उघडून बघायचीय.

मामा, नीट जा. तिथं तरी पाय धुवायला पाणी मिळो.
मामीला मात्र एवढ्यात बोलावू नका.