शिबिराच्या छपरासाठी मागितलेलं सागवान

शिबिराचे सचिव पहिल्यांदा माझ्या आवारात आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली. या माणसाशी आपला सौदा कसा व्हायचा, ते मला तिथेच कळायला हवं होतं.

मलकापुरात माझा जुन्या इमारती सामानाचा धंदा आहे. लोक घरं पाडतात. मी दारं, चौकटी, तुळया, छपरावरचे कवेलू उचलतो आणि विकतो. हातगाडीवर सुरुवात केली होती. आज ट्रक आहे, आवार आहे, आणि तापट म्हणून नाव आहे. तिन्ही मी स्वतःच कमावलं.

सचिव निवृत्त मुख्याध्यापक. रोहिणखेडच्या पुढे टेकडीवर त्यांच्या संस्थेचं शिबिरस्थळ आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्यातल्या शाळांची मुलं तिथे येऊन राहतात. इमारती जुन्या, दगडमातीच्या भिंतींच्या, वर कवेलूचं छप्पर. ते छप्पर आता जागोजागी बसलं होतं. "निधी उभारायचा आहे," ते म्हणाले. "तुमच्या ओळखी फार."

लहानपणी मी त्या शिबिराला कधी गेलो नाही. फी होती, आणि वडील स्टेशनवर हमाली करत. वर्गातली पोरं तिकडून नवी गाणी शिकून यायची आणि महिनाभर आम्हाला ऐकवायची. हे मी सचिवांना सांगितलं नाही. आपलं मन कशात अडकलंय ते सौद्यात दाखवायचं नसतं.

मी ऐन दुपारी जाऊन इमारती पाहिल्या. बाहेर डोकं फुटेल असं ऊन, आत गारवा. भिंतींना काहीही झालं नव्हतं. वाळवी होती ती फक्त वरच्या लाकडाला. मी संस्थेच्या समितीला सांगितलं, पाडू नका. भिंतींना चुन्याचा गिलावा द्या, छपराचं लाकूड बदला, धड आहेत ते कवेलू परत चढवा. आणि पैसा कमी मागा, सामान जास्त मागा. गावोगाव लोक जुनी घरं पाडून स्लॅब टाकताहेत. पन्नास वर्षं आणखी टिकेल असं सागवान उन्हात पडलंय. ते मी मागून आणतो, ट्रक माझा.

समितीने टाळ्या वाजवल्या. 'पर्यावरणपूरक नूतनीकरण' हे शब्द एका सभासदाने शोधून काढले आणि तेवढ्याचा एक बॅनरही छापून आणला. चुना आणि मजुरीसाठी लागणारी रक्कम मी अडत्यांच्या मागे लागून जमवली. खरं काम पुढे होतं.

आयुष्यभर मी पैसे देऊन वस्तू घेतली, भाव पाडून घेतली, पण फुकट कधी मागितली नव्हती. फुकट मागण्याची रीत मला वेगळी शिकावी लागली. लोक नुसतं 'शिबिराला द्या' म्हटलं की देत नाहीत. वस्तू कुठे जाणार ते सांगितलं की देतात. म्हणून मी प्रत्येकाला जागा सांगत गेलो. तुमचे वासे स्वयंपाकघरावर, तुमची चौकट मुलांच्या खोलीला. प्रत्येकाला शब्द दिला.

जानेफळला एक नवराबायको घर पाडून नवं बांधत होते. मी पाणी मागितलं, तुरीच्या भावावर बोललो, मग उघड्या पडलेल्या तुळईकडे पाहिलं. एकसंध, गाठ नाही, चीर नाही.

"भाव काय देता?" नवऱ्याने विचारलं.

"काहीच नाही."

तो हसला. "मंग चहा प्या अन् निघा."

"चहा तं पितोच. पन ते मधली तुळई देऊन द्या. शिबिरात पोरींच्या खोलीवर टाकाची हाये."

"धंदा तुमचा लाकडाचा. ते शिबिरात जाते का तुमच्या दुकानात, आमाले काय मालूम?"

"दुकानासाठी पायजे असती तं मी आल्या आल्या तिच्यात खोट काहाडली असती. काहाडली का?"

आतून बायको चहा घेऊन आली. "आपली पोरगी गेल्ती न त्या शिबिराले," ती म्हणाली. "अवकाळी आला तं वरून पानी गळे, रातभर बसून राह्यल्या पोरी."

"तू काऊन मधात बोलून राह्यली?"

"काऊन नाही बोलू? त्या तुळईखाली माहे दोन बाळंतपनं झाले, तुमचे नाही झाले." मग माझ्याकडे वळून, "घेऊन जा भाऊ. पन पोरींच्याच खोलीवर टाकजा. ऑफिसावर नका टाकू."

तुळई ट्रकमध्ये चढवण्याआधी तिने तिला हळदकुंकू वाहिलं. नवरा तोंड फिरवून उभा होता, पण उचलायला त्यानेच खांदा दिला.

अशी मी हिवाळाभर हिंडलो. आवारातली गिऱ्हाइकं मुनीमावर सोडली. माझ्या जिभेवर एरवी शिव्या असतात, त्या महिन्यांत 'ताई', 'काका', 'वयनी' एवढंच होतं. शिबिरावर लाकडाचे ढीग लागले.

मग एक देणगीदार उगवला. जिल्ह्यातूनच गेलेला, मोठ्या शहरात इमारती बांधणारा. सगळा खर्च तो एकटा करणार होता. अट एवढीच, की जुनं सगळं पाडायचं, एक मोठा स्लॅबचा हॉल बांधायचा आणि दारावर त्याच्या आईवडिलांचं नाव कोरायचं.

समितीच्या बैठकीत सचिवांनी मला समजावलं. "असा माणूस परत मिळायचा नाही. आणि छतावर ते सौर पॅनेल बसवून देणार आहेत. म्हणजे पर्यावरणपूरक झालंच की."

"सर, मी लोकांले शब्द देल्ला."

"लोकांना सांगू, तुमचं लाकूड दुसऱ्या कामी लावलं."

"कोनत्या कामी?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, म्हणून राग जास्त आला. "सेंटरिंगला चालेल ना? स्लॅबला खाली टेकू लागतातच."

मी टेबलावर हात आपटला. कप कलंडले, कुणाच्या तरी पांढऱ्या लेंग्यावर चहा सांडला. पुढे मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा झाली ती त्या चहाची. स्लॅबबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अडत्यांची रक्कम मी समितीकडून ज्याची त्याला परत करवली आणि सगळं लाकूड ट्रकने माघारी आणलं.

लाकूड परत करायला निघालो तेव्हा कळलं की ते पैशाइतकं सोपं नाही. जानेफळच्या घरावर तोवर नवा स्लॅब टाकून झाला होता. बायकोने ट्रककडे पाहिलं आणि दारातच उभी राहिली.

"हळदकुंकू वाहून घराबाहेर काहाडलं ते परत घरात घेत नाही, भाऊ."

"मंग मी काय करू याचं?"

"ते तुमी सांगा. पोरी कुठं झोपतीन मंग?"

"स्लॅबखाली."

ती आत निघून गेली. चहाही आला नाही. नवरा मात्र बाजेवरून म्हणाला, "शेवटी दुकानातच आली म्हना तुळई." त्याच्या आवाजात राग नव्हता. आपला अंदाज बरोबर निघाला याचं समाधान होतं.

बाकीच्यांनीही तेच केलं. दिलेलं दिलं, आता आम्हाला काय करायचं, म्हणाले. एकदोघांनी तर जागाच नाही म्हणून हात जोडले. लाकूड माझ्या आवारात उतरलं. तेव्हापासून बाजारात मला ऐकावं लागतं. चहाच्या टपरीवर माझ्याच धंद्यातला एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, "मानलं बे तुले. शिबिराच्या नावावर चांगला माल जमवला." हसले सगळे. मी विकायचं नाही म्हणतो तेव्हा त्यांना वाटतं भाव चढवतोय. जन्मभर केलेल्या घासाघिशीचं हे फळ असेल तर असो. पण त्या लाकडातली एक खुंटीही मी विकलेली नाही, हे सांगायला मला साक्षीदार नाही.

वर्षभराने हॉल झाला. उद्घाटनाचं निमंत्रण मला आलं नाही. पहिलं उन्हाळी शिबिर झालं आणि सचिव पुन्हा आवारात आले. या वेळी उभेच राहिले. स्लॅब दिवसभर तापतो, म्हणाले, रात्री उशिरापर्यंत आत बसवत नाही, पोरी बाहेर सतरंज्या टाकून झोपतात. अवकाळी पाऊस आला तर तेही जमायचं नाही. शेजारी कवेलूची एक मोठी पडवी काढावी असं समितीच्या मनात आहे.

"तुमच्याकडचं ते लाकूड," ते म्हणाले, "काय भावाने द्याल?"

ते लाकूड कुणाचं आणि कशासाठी, हे माहीत असलेला माणूस मला भाव विचारत होता. मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडलो नाही.

"भाव नाही. पन अट हाये. ज्यांनी देल्लं त्यांच्या दारात जा अन् सोताच्या तोंडानं सांगा, का तुमी त्याची सेंटरिंग कराले निघाले होते. जानेफळपासून सुरू करा. गाडी माही."

"त्याची काय गरज? आपण सगळ्यांचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ देऊ."

"शाल-श्रीफळ मी आनतो. तुमी फक्त बोला."

समितीपुढे ठेवतो म्हणाले आणि गेले. नंतर दोनदा निरोप पाठवला, भाव वाढवून.

सौद्यात घाई ज्याला असते तो उतरतो. त्या हिशेबाने मी कधीच हरणार नाही, कारण मला घाई नाही, आणि सचिवांनाही नाही. घाई आहे ती त्या सतरंजीवरच्या पोरींना, आणि या सौद्यात त्यांना कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. हे मला कळतं. तरी मी उतरलेलो नाही.