ताईच्या ओटीवरचा एक्स

ताईला हायवेवर चारोटीच्या वळणावर ट्रकने उडवलं, ती जागीच गेली. तेव्हापासून आमच्या ओटीवर रोज कोणीतरी येतं, चहा पितं आणि तिचा एक किस्सा सांगून हसतं. इतके किस्से साचलेत की उचलून बाहेर फेकावेसे वाटतात. मी सातवीत शाळा सोडली. ताई मात्र याच ओटीवर पाड्यातल्या दहावीच्या पोरांचा भूमितीचा क्लास घ्यायची.

*

पोरं एक्सला घाबरायची. कोन माहीतच नाही, तर त्याला नाव कशाला? ताई म्हणाली, "पाहुण्याचं नाव माहीत नसलं तरी बसायला देता ना? एक्सलाही जागा द्या. कोण ते मग कळेल."

हे काकांनी सांगितलं, खो खो हसत. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

*

क्लासमधला जयेश एकदा नुसती एक्सची किंमत काढून घरी पळाला. कोन होता दोन एक्स अधिक दहा. ताई नाला ओलांडून त्याच्या मागे गेली. त्याचा बाप घाबरला, पोराने काय चोरलं म्हणून विचारू लागला.

"चोरलं नाही, अर्धं टाकून आलाय," ताई म्हणाली आणि कोन निघेपर्यंत त्यांच्या अंगणात बसून राहिली.

*

आमच्याकडे लग्नात भिंतीवर माणसं काढतात, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. शाळेच्या परीक्षेत विरुद्ध कोनांची आकृती तशीच आली. क्लासमधल्या संगीताने कोन बरोबर काढले, पण हाताच्या सवयीने आकृतीला डोकं आणि पायही काढले. सरांनी मार्क कापले.

ताई शाळेत गेली. "सर, पाय फुटले म्हणून कोन बदलला का?"

मार्क मिळाले. तेच सर परवा भेटायला आले आणि मार्क आपणच कौतुकाने दिले म्हणून सांगू लागले. मी त्यांच्या चपला अंगणात भिरकावल्या. बाबा ओरडले. ओरडू दे.

*

दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी पोरं ओटीवर येऊन बसली. माझं डोकं फिरलं. ताई नाही, क्लास नाही, घरी जा, असं ओरडलो. फळा उचलायला गेलो, तर संगीता तो धरून उभी. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणाली, आम्ही जायचं कुठे?

तिने फळ्यावर सरळ रेषा काढली. तिच्यावर दोन कोन, एक एक्स, दुसरा दोन एक्स. हिशेब करून एक्स बरोबर तीस लिहिलं आणि मला विचारलं, "दादा, बरोबर?"

मला काय घंटा कळतंय! "चूक," मी रागाने म्हणालो.

ती फळ्याकडे बघत राहिली. सरळ रेषेचे नव्वद अंश धरले की मी, ती पुटपुटली. ते पुसून एकशे ऐंशी केले. तीसचे साठ झाले.

"आता?"

"चूक."

"नाही दादा, आता बरोबर आहे," संगीता म्हणाली. "बसा खाली."