पत्र्यावरची किल्ली

लखनौला मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत माकडांचा फार जाच होता, म्हणून जिन्याच्या जाळीच्या दाराला दिवसाढवळ्याही कुलूप असायचं. खालून कुणी हाक मारली की दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतून किल्ली टाकायची. मध्ये स्कूटर ठेवायच्या शेडचा पत्रा होता. किल्ली त्याच्यापलीकडे पडली तर ठीक, पत्र्यावर आपटली तर मात्र तिची मर्जी. कधी तिथंच पडून राहायची, मग काठीनं ओढावी लागे. कधी टणकन उडून थेट नालीत. आईची हमखास नालीत जायची आणि शेजारच्या भाभी खिडकीतून ओरडायच्या, "लो, आपकी चाबी फिर नहाने गई!"

मी तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होते. वायूचा रेणू धातूवर आदळला तर चिकटतो की परत उडतो, हा विषय. प्रत्यक्षात काही फेकायचं नसे, सगळं कॉम्प्युटरवर. वीज गेली की रेणू हवेतच. बाबा रेल्वेत इंजिनिअर, सगळं आयुष्य चाकं आणि रुळांत गेलेलं. पाहुण्यांना सांगायचे, "आमची लेक धातूवर खडे मारते. लागले की नाही ते कुणालाच दिसत नाही, म्हणून तर पीएचडी!"

हसण्यावारी न्यायला ठीक होतं. पण त्या हिवाळ्यात बाबा रिटायर होणार होते आणि बिऱ्हाड सांगलीला हलणार होतं, माझ्यासकट. "तिथं बसून लिही की," असं त्यांचं म्हणणं. लिहायला आधी काही हातात हवं ना! माझे आकडे दुसऱ्यांच्या प्रयोगांशी जुळत नव्हते आणि कॉम्प्युटर लखनौत होता. सांगलीला गेले की संशोधन संपलं, हे मला लख्ख दिसत होतं. होस्टेलचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

एकदा दुपारी मी बाल्कनीत कपडे काढत होते. आईनं खाली किल्ली भिरकावली. ती चाकासारखी उभी गरगरत गेली, एक टोक पत्र्याला लागलं आणि गेली नालीत. भाभी ओरडल्या. मी मात्र हातातला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले. माझे सगळे रेणू मी न फिरवता सोडत होते! हिशेब सोपा व्हावा म्हणून फिरकी शून्य धरली होती. माझे गाइड असलेले सरही म्हणाले होते, "अरे भई, इतनी सी चीज़ घूमे न घूमे, क्या फ़र्क़ पड़ता है?"

फरक पडत होता. रेणू फिरवून सोडायला लागल्यावर आकडे हळूहळू जुळायला लागले. मग एका रविवारी खालचं कुलूप आधीच उघडून ठेवलं, बाबांना बाल्कनीच्या उन्हात गाठलं आणि किल्ली घेऊन समोर उभी राहिले.

"ही बघा, चाकासारखी फिरवली." किल्ली नालीत. बाबा कुरकुरत खाली जाऊन ती धुऊन घेऊन आले. "आता पंख्यासारखी, आडवी." दोनतीनदा फसलं, पण शेवटी ती पत्र्यावर पालथी पडली आणि तिथंच राहिली.

"म्हणजे आडवा फिरणारा रेणू चिकटतो," बाबा म्हणाले.

"जास्त करून. आणि सावकाश फिरणाऱ्याला धातू आपल्या सोयीनं वळवून घेतो. वेग वाढला की तेवढी उसंतच मिळत नाही, तो परत उडतो."

"आणि फारच वेगात फिरला तर?"

"मग ती फिरकीच चिकटायला बळ देते."

बाबांनी काठी घेऊन पत्र्यावरची किल्ली ओढली. मग म्हणाले, "मी बघ, दर तीन वर्षांनी बदली. कुठंच चिकटलो नाही." हे त्यांनी चेष्टेत म्हटलं नव्हतं. मला त्यांची फार माया आली, पण होस्टेलचं विचारायचा धीर झाला नाही.

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक दारात लागला. माझी ट्रंकही त्यात चढली होती. आई भाभींच्या गळ्यात पडून रडत होती आणि मी शेडपाशी उभी होते. तेवढ्यात वरून हाक आली. रिकाम्या बाल्कनीत बाबा एकटेच होते. त्यांनी किल्ली दोन बोटांत आडवी धरली, अंदाज घेतला आणि पंख्यासारखी भिरकावून सोडली, मुद्दाम पत्र्यावरच. ती आवाज करून पालथी पडली आणि हलली नाही.

"चिकटली गं!" बाबा ओरडले. "होस्टेलच्या वॉर्डनबाईंशी बोललोय मी. तुझी ट्रंक उतरव खाली."

आता मी मागं राहणार म्हटल्यावर क्वार्टरच्या बाकी किल्ल्यांबरोबर तीही दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या ऑफिसात मीच जमा करायची होती. काठी घेऊन ती ओढायला गेले, तर डोळ्यांतल्या पाण्यानं मला ती दिसेचना.