परबकाका तोंड उघडेनात

परबकाकांनी पुन्हा तोंड मिटलं. चमचा ओठांना लागला की ते मान भिंतीकडे वळवायचे. डावा हात उचलून गळ्यावर ठेवायचे आणि तसेच पडून राहायचे.

"काका, विष न्हय ता, नाचणीची पेज आसा," मी म्हटलं. काही उपयोग झाला नाही.

डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. आमच्या नर्सिंग होममध्ये ते दर शुक्रवारी यायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट बातमी द्यायची असली की ते चष्मा पुसतात.

"सिस्टर, असं किती दिवस चालवणार? पुढच्या शुक्रवारपर्यंत तोंडाने घ्यायला लागले नाहीत तर आपण पेग करू."

पेग म्हणजे पोटाला बाहेरून लहानसं भोक पाडून कायमची नळी बसवायची. अन्न पातळ करून तिथूनच आत सोडायचं. त्या वेळी परबकाकांच्या नाकात राइल्स ट्यूब होती. ती नाकातून पोटात उतरते. पण ती तात्पुरती, फार दिवस ठेवली तर नाक सोलपटतं.

"पेग झाल्यावर ते घरी एकटे राहू शकतील?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

अन्न गाळायचं, सिरिंजमध्ये भरायचं, नळी धुवायची. उजवा हात लुळा पडलेल्या माणसाने हे एकट्याने करायचं म्हणजे अशक्यच. पेग झालं की परबकाकांचा पत्ता कायमचा आमचा डिचोलीचा पलंग. आणि हा माणूस फिजिओथेरपिस्टचा हात धरून उभं राहायला लागला होता, त्याला घरी जायचं होतं, हे तो बोलू शकत नसला तरी मला दिसत होतं. दाराबाहेर ट्रकचा आवाज आला की त्यांची नजर आधी दाराकडे आणि मग आपल्या चपलांकडे जायची.

ही गोष्ट खाणी जोरात चालू होत्या तेव्हाची. परबकाका मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून शिरगावात आले आणि तिथलेच झाले. बायको गेल्यावर त्यांनी दारू सोडली, मासे सोडले, तुळशीची माळ घातली. दोन खोल्यांत स्वतः रांधून राहायचे. मग एके दिवशी स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या इस्पितळातून ते आमच्याकडे आले ते नाकात नळी घेऊनच.

इस्पितळातल्या थेरपिस्टने त्यांची गिळण्याची तपासणी केली होती. स्ट्रोकनंतर ती करावीच लागते, नाहीतर घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो. निष्कर्ष चांगला होता. घशाचे स्नायू ठीक, दाट पदार्थ चालतील, सावकाश सुरू करा. म्हणजे परबकाकांना गिळता येत होतं, पण ते गिळत नव्हते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आम्हाला कळेना.

हात गळ्याशी जातो म्हणून आम्ही घसा दुखतोय असं धरलं. डॉक्टरांनी टॉर्च टाकून पाहिलं. घसा स्वच्छ होता.

रविवारी मुलगा आला. संतोष त्याचं नाव. वेर्ण्याला एका कंपनीत नोकरी, वास्कोला भाड्याची खोली. बापावर जीव होता, पण जिभेला हाड नव्हतं.

"सिस्टर, तुमी उगाच त्रास करून घेतास. बाबाक वायच माशाची कढी दिया. बघा कसो गटागट पितलो."

"ते माळकरी आहेत ना?"

"आई गेल्यार घातल्यान माळ. तवसर मी वास्कोक. आमी बारके आसताना ह्योच माणूस बांगड्याच्या डोक्यासाठी माझ्याशी भांडायचो. आणि आता माळ तरी खंय आसा गळ्यात? हॉस्पिटलात स्कॅनच्या वेळेक कापून काढल्यानी. मगे मासो खाल्ल्यान तर काय बिघाडला?"

माझं डोकं फिरलं. आमच्या कामात हा प्रसंग वरचेवर येतो. माणसाची वाचा गेली की घरचे त्याच्या वतीने बोलायला लागतात आणि बहुधा वीस वर्षांपूर्वीच्या माणसाच्या वतीने बोलतात. कोणी म्हणतं, अंडं द्या, त्यांना काय कळतंय. त्यांना कळतंय की नाही हा प्रश्नच नाही. त्यांनी शुद्धीत असताना ठरवलेलं आहे.

"संतोष, माळ काढली म्हणून माणूस बदलत नाही," मी त्याला ठणकावून सांगितलं. "ज्या दिवशी तुझे बाबा स्वतःच्या तोंडाने कढी मागतील त्या दिवशी बघू."

तो बापाचं पांघरूण नीट करायला लागला. मला वाटलं, काय छान सुनावलं. त्याच्या बोलण्यातली माशाची कढी तेवढी मी ऐकली. बाकीचं या कानातून त्या कानात गेलं.

सोमवारी मी स्वयंपाकघरात शिरले. आमची स्वयंपाकीण प्रेमा, हात चवीचा आणि स्वभाव तिखट. मी विचारलं, परबकाकांच्या जेवणाला माशाचं काही लागतं का? तिने कमरेवर हात ठेवले.

"माशाचो सुरयो वेगळो, तवो वेगळो. त्येंका भाजी वाटून दितंय, ती भाजीच."

"भाजीत काय काय घालतंस?"

"खोबरा, मिरची, हळद." मग जरा थांबून, "आणि वायच गालमो. रुचीक."

गालमो म्हणजे सुकवलेली अगदी बारीक कोलंबी. आमच्या भागात दुधीत घालतील, भेंडीत घालतील. ज्याच्या घरी मासे शिजतात त्याला तो मासा वाटतच नाही, मसालाच वाटतो. होममधले बाकीचे शाकाहारी हे सोमवारचे आणि श्रावणातले शाकाहारी. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. उलट भाजी परत मागायचे.

"प्रेमा, गालम्याक डोळे आसतत. डोळे आसत तो जीव."

"तो काय मासो न्हय," ती पुटपुटली, पण चेहरा उतरला. "सिस्टर, म्हातारो त्या वासानच तोंड मिटता काय?"

मला अगदी तसंच वाटलं. चोर सापडला म्हणून मी खूश झाले. परबकाकांसाठी वेगळा टोप, ढवळायला वेगळी दवली, वेगळा मिक्सरचा डबा काढला. प्रेमाने सगळं चिंच लावून घासलं. नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी, शिजवून गाळलेला लाल भोपळा. पेजेत दूध पावडर मिसळली, कारण झोपून राहणाऱ्या माणसाला प्रोटीन कमी पडलं की पाठीला जखमा होतात. ताट त्यांच्या डोळ्यांसमोर धरून मी प्रत्येक वस्तूचं नाव घेतलं. प्रेमाने दारातून शपथ घेतली, "काका, गालमो नाय हां."

परबकाकांनी ताट पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, लाज वाटल्यासारखं काहीतरी होतं. हात गळ्याकडे गेला आणि मान भिंतीकडे वळली.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. नळीने अन्न घालताना ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. शुक्रवार जवळ येत होता आणि मी खरंच घाबरले होते.

गुरुवारी सकाळी मी त्यांची दाढी करायला बसले. हे काम आयाकडे असतं, पण त्या दिवशी नाकावरची चिकटपट्टीही बदलायची होती. साबण लावताना हनुवटी वर केली. मानेवर, गळपट्टीच्या जागी, कातडीचा एक फिकट पट्टा दिसला. बाकी मान ट्रकच्या खिडकीतल्या उन्हाने रापलेली आणि तेवढाच भाग उजळ. त्यांचा डावा हात नेहमी जाऊन टेकायचा तो बरोबर तिथेच.

मी वस्तरा खाली ठेवला. माझी पेडण्याची आते आठवली. तीही माळकरी. एकदा विहिरीवर पाणी ओढताना तिची माळ तुटली. मणी पन्हळीत गेले, गवतात गेले. आम्ही सगळी पोरं रांगत मणी वेचत होतो आणि आते पायरीवर बसून होती. ऊन चढलं, कोणी तांब्या पुढे केला, तर तिने ओठांना लावला नाही. गळ्यात माळ नाही तर पोटात अन्न नाही, पाणीही नाही. माळ ओवून गळ्यात पडली तेव्हाच ती पाणी प्यायली. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी आठवडाभर टोप घासून घेत होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

"काका," मी विचारलं, "माळ होयी?"

त्यांनी माझं मनगट धरलं. साबणाने भरलेल्या गालांवरून पाणी ओघळलं. नाकातल्या नळीला त्यांना अडवता येत नव्हतं. तोंड मात्र त्यांच्या हातात होतं, तेवढं त्यांनी सांभाळलं होतं.

मी संतोषला कंपनीत फोन लावला.

"माळ कुठे आहे?"

"कसली माळ?" मग आठवून म्हणाला, "हां. हॉस्पिटलान पाकिटात घालून दिलेली, घड्याळाबरोबर. माझ्या खोलीर आसा. पण ती कापलेली, सिस्टर. मणी सुटे झालेत."

"सुटे तर सुटे. ड्युटी संपली की घेऊन ये. घरी जेवायला थांबू नकोस."

मी कारण सांगितलं. मग तो एवढंच म्हणाला, "माका ठाऊक नाय होता, सिस्टर."

संध्याकाळी तो मोटरसायकलवरून आला, हेल्मेटसकट आत. पाकिटातले मणी बापाच्या पांघरुणावर ओतले आणि खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं. मी पाहिलं तर तंगूस, गळाला लावतात ती नायलॉनची दोरी.

"संतोष, माळकऱ्याची माळ मासे धरायच्या दोरीत ओवणार?"

"तुटूची नाय म्हणून हाडलंय," तो ओशाळला.

माझ्याकडे टाके घालायचा दोरा होता, पण तो रेशमाचा. रेशीम म्हणजे किड्यांचा जीव. एकदा गालम्याने पोळल्यावर मी तो ट्रेमध्येच ठेवला. शेवटी प्रेमाने अबोलीचे वळेसर ओवायचा आपला सुती दोरा आणून दिला आणि तो दुहेरी करून घेतला.

संतोष पलंगाच्या कडेला बसून ओवायला लागला. परबकाकांनी डाव्या तळहातावर मणी घेतले आणि हात त्याच्यापुढे धरला. मुलगा त्या तळव्यातून एकेक मणी उचलत होता. मध्येच एखादा मणी पडायचा, प्रेमा वाकून उचलायची.

गाठ मारून झाली आणि संतोष माळ हातात घेऊन थांबला.

"सिस्टर, मी घातली तर चलात? दुपारी मासो खाल्लोय मी."

मी उत्तर द्यायच्या आत परबकाकांनी डोकं पुढे केलं आणि मान खाली घातली, मुलाच्या हातांपुढे. संतोषने माळ घातली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

परबकाकांनी एक मणी बोटांत धरून डोळ्यांना लावला. मग त्याच बोटाने माझ्या मागच्या टेबलावरची वाटी दाखवली.

आता मात्र मी नर्स झाले. पलंगाची डोक्याकडची बाजू उभी केली, हनुवटी खाली, चमचा अर्धाच. पेज आत गेली. ओठ मिटले. माळेच्या मागे कंठ वर गेला आणि खाली आला. मी खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला नाही. आणखी अर्धा चमचा दिला, मग आणखी.

शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत, सिस्टर?"

"माळ."

त्यांनी चष्मा काढला नाही, म्हणजे बातमी चांगली होती. पेगचा विषय संपला. पुरेसं खाणं जातंय याची खात्री झाल्यावर नाकातली नळीही काढली. शिरगावची जत्रा यायच्या आधी परबकाका काठी टेकत स्वतःच्या दोन खोल्यांत गेले. शेजारची बाई सकाळी रांधून द्यायची, संध्याकाळी ते स्वतः गरम करून घ्यायचे. संतोष रविवारी यायचा आणि त्या दिवशी बाहेर कुठेच मासे न खाता यायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून नवीन माणूस आला की मी 'व्हेज की नॉनव्हेज' एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या घासाआधी तुम्हाला काय लागतं, तेही विचारते. कोणाला आंघोळ लागते, कोणाला दिवा. आमच्या एका ख्रिस्ती नानीला प्रार्थना म्हटल्याशिवाय पावाचा तुकडा मोडवत नाही. जेवण शाकाहारी केलं म्हणजे झालं असं समजू नये, जेवणारा माणूस ताटाच्या बाहेरही असतो. गालम्याचा डबा वेगळ्या फळीवर गेला. भाजीला आता चव राहिली नाही, असं प्रेमाचं म्हणणं आहे.

परबकाका घरी जायच्या थोडं आधीची गोष्ट राहिली. एका दुपारी मी खिचडीचा चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड मिटलं. मान भिंतीकडे. माळ गळ्यात होती, टोप वेगळा होता, प्रेमा शपथेवर होती.

"काका, आता काय झाला?"

त्यांचे ओठ हलले. स्ट्रोक आल्यापासून आम्ही त्यांचा शब्द ऐकला नव्हता. बराच वेळ जीभ चाचपडली आणि मग अगदी स्पष्ट आलं, "मीठ नाय."

ब्लडप्रेशरमुळे मीठ कमी करायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. परबकाका माझ्याकडे बघत थांबले, तोंड बंदच. या वेळी मी शोधाशोध केली नाही. डबा उघडला आणि चिमूटभर घातलं.